निजेला धोंडा पुरत नाही

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. खऱ्या भुकेला पक्वान्न लागत नाही आणि खऱ्या झोपेला गादी-उशी लागत नाही, असा तिचा आशय. श्रमाचा गौरव करणारी ही म्हण कानाला गोड लागते. परंतु तिच्या आडून एक सोयीस्कर समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. गरिबाला झोप फुकट मिळते, आणि ज्या तरुणाला ती मिळत नाही त्याच्या वळणातच काही खोट असली पाहिजे, ही ती समजूत. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते या समजुतीविषयी. कारण तरुणांची झोप, त्यांची व्यसने आणि आरोग्यातील विषमता हे तीन प्रश्न आपण वेगवेगळे मानतो. वस्तुतः ते एकाच दोरीचे तीन पदर आहेत.

प्रथम झोपेचाच विचार करू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना दररोज ८ ते १० तास झोप आवश्यक आहे, असा निर्वाळा अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांनी २०१६ साली दिला. परंतु नेमक्या याच वयात निसर्ग एक गंमत करतो. ब्राउन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मेरी कार्स्कॅडन यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, वयात येताना शरीरातील घड्याळच मागे रेंगाळू लागते. रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलाटोनिन हे द्रव्य पूर्वीपेक्षा उशिरा पाझरते. दहा वाजता अंथरुणावर पडूनही ज्याचा डोळा लागत नाही, असा सोळा वर्षांचा मुलगा आळशी असतोच असे नाही. त्याच्या शरीरात अद्याप रात्रच झालेली नसते. शाळेची घंटा मात्र सकाळी सातला होते. या ओढाताणीत जी झोप बुडते, ती रोजच्या रोज साचत जाते.

आता हा निसर्गनियम सर्वांना सारखाच. पण त्याची झळ सर्वांना सारखी बसते काय? भोपाळ शहरात नेहरूनगरच्या शेजारी कोटरा सुल्तानाबाद ही वसाहत आहे. तेथील दोन मुले आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. दोघेही एकाच वर्गात, दोघांचीही परीक्षा एकच. एकाला स्वतंत्र खोली आहे, खिडकीला जाळी आहे, डोक्यावर पंखा आहे. दुसरा एका खोलीत पाच माणसांबरोबर निजतो. वडील रात्रपाळीहून पहाटे परततात, आई पाण्यासाठी अंधारात उठते, वैशाखात पत्र्याचे छप्पर मध्यरात्रीपर्यंत तापलेले असते आणि पावसाळ्यात डास निजू देत नाहीत. सकाळी वर्गात दोघेही डुलकी घेतात. मास्तर दोघांनाही एकच शब्द वापरतात. परंतु पहिल्याने झोप घालविलेली असते. दुसऱ्याला ती मिळालेलीच नसते.

हे केवळ कल्पनाचित्र नव्हे. चेन्नईमधील अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढ स्त्री-पुरुषांची झोप मनगटावरील यंत्राने मोजण्यात आली. त्या अभ्यासाचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे ८ तास अंथरुणावर असत. प्रत्यक्ष झोप होई ती अवघी साडेपाच तास. त्यांना चांगले अंथरूण, कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी अशी साधने दिली, सल्ला दिला. त्यामुळे झोप सुमारे २७ मिनिटांनी वाढली खरी. पण तीही मुख्यतः अधिक वेळ पडून राहिल्यामुळे. झोपेचा कस सुधारला नाही आणि कामातही फरक पडला नाही. उलट कामाच्या जागी, शांत ठिकाणी, दुपारी अर्धा तास डोळा मिटण्याची सोय केली, तेव्हा मात्र काम आणि मन दोन्ही सुधारले. याचा अर्थ उघड आहे. निजेला धोंडा पुरत नाहीच, आणि धोंड्याच्या जागी नुसती उशी ठेवली तरी भागत नाही. झोपेला शांतता लागते, आणि शांतता ही शहरात जागेच्या भावाने विकली जाते.

येथून व्यसनाची वाट फार दूर नाही. थकलेला मेंदू उत्तेजन मागतो आणि जागलेला मेंदू गुंगी मागतो. दिवसा जागे राहण्यासाठी चहा, मग तंबाखू. रात्री डोळा लागावा म्हणून बिअर किंवा गांजा, असा हा फेरा चालू होतो. निकोटिन उत्तेजक असल्याने झोप आणखी उडते. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे. पण उत्तररात्री ती झोपेची चाळण करते. औषध म्हणून घेतलेला घोटच रोग वाढवितो.

मानसशास्त्रज्ञ मारिया वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतील २५७ मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या वयात ज्यांना झोपेच्या तक्रारी होत्या, असे मातांनी सांगितले होते, त्या मुलग्यांत बारा ते चौदाव्या वर्षापर्यंत दारू, सिगारेट किंवा गांजा यांना हात लावण्याचे प्रमाण अधिक आढळले. झोपमोड झाली म्हणजे व्यसन जडणारच, असा निष्कर्ष यावरून काढणे अर्थातच धाडसाचे होईल. परंतु झोपेची तक्रार ही पुढील संकटाची पूर्वसूचना असू शकते, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावयास हवे.

आपल्या देशातील चित्रही चिंताजनक आहे. केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली बाहेर आला. हुंगण्याच्या पदार्थांचे, म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर यांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुले व किशोर यांच्यात १.१७ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा लहानांत अधिक प्रमाण असलेले असे दुसरे व्यसन नाही. मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या जेथे मोठी आहे, अशा राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोहोंचीही नावे आहेत. हे पदार्थ स्वस्त असतात, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि फलाटावर रात्र काढणाऱ्या पोराला त्यामुळे भूक, थंडी व भीती यांचा घटकाभर विसर पडतो. ज्याच्यापाशी निर्धास्त निजण्याची जागा नाही, त्याला आपण नशामुक्तीचे व्याख्यान देतो!

मग करावयाचे काय? बंदी हा एक मार्ग आहे. गुटख्यावर बंदी घालणारे पहिले राज्य म्हणून २०१२ साली मध्य प्रदेशाने मान मिळविला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही ते पाऊल उचलले. परंतु बंदीने वस्तू हटते. गरज हटत नाही. त्या गरजेकडे लक्ष देणारा मार्ग गोव्यात दिसतो. तेथील 'संगत' या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी प्रभृतींनी २०१७ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मद्याचा घातक वापर करणाऱ्या ३७७ पुरुषांचा समावेश होता. निम्म्या जणांशी संवाद साधला तो डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी. अवघ्या काही भेटींनंतर त्यांच्यातील मद्य सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक दिसले. भोपाळच्या शेजारच्या सिहोर जिल्ह्यातही याच संस्थेने मानसिक उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याचे काम केले आहे. तज्ज्ञ मोठ्या शहरात आणि रोगी वस्तीत, हे अंतर असे तोडता येते. तरुणांसाठीही हीच वाट आहे. मात्र तेथे पहिला प्रश्न 'काय पितोस?' हा नसावा, 'झोप लागते का रे?' हा असावा. या प्रश्नाला मुले मोकळेपणाने उत्तर देतात, कारण त्यात आरोप नाही.

दुसरी गोष्ट शाळेच्या घंटेची. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. तो स्वागतार्हच आहे. परंतु ज्यांच्या शरीराचे घड्याळ खरोखरी उशिरा चालते, ती आठवी-दहावीची मुले त्याच्या कक्षेबाहेर राहिली. तिसरी गोष्ट तर बिनखर्चाची. वस्तीतील शाळा, समाजमंदिर वा वाचनालय यांपैकी एखादी खोली संध्याकाळी अभ्यासाला आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीला मोकळी ठेवणे काही अशक्य नाही. आणि घरात ज्याला कोणाला मदत हवी असेल, त्याने 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अवश्य बोलावे.

अन्न, वस्त्र, निवारा यांच्या पंक्तीत आपण झोपेला कधी बसविले नाही, कारण ती विकत घ्यावी लागते हे आपल्या ध्यानी आले नाही. उद्या एखादा मुलगा वर्गात पेंगताना दिसला, तर त्याला उठविण्यापूर्वी एवढेच विचारावे की, बाळा, काल रात्री तू कोठे निजला होतास? त्याच्या उत्तरात त्याच्या आरोग्याची अर्धी कहाणी असेल.