युवक चषकाचे दहा अंतिम सामने
(वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



गुणगौरवाच्या दिवशी यशस्वी मुलांविषयी बोलणारे पुष्कळ असतात. मी मात्र इंग्लंडातील एका फुटबॉल स्पर्धेविषयी चार शब्द सांगणार आहे. विषय दूरचा वाटेल. तथापि पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना जिंकलेले आणि हरलेले अशा दोन रांगांत बसविण्याचा उद्योग परीक्षांचे निकाल लागले की आपणही करीतच असतो.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९५२-५३ च्या हंगामात क्लबांच्या युवक संघांसाठी ही चषक स्पर्धा सुरू केली. तिचा अंतिम सामना त्या काळी एका दिवसात संपत नसे. दोन्ही क्लबांच्या मैदानांवर एकेक सामना व्हावयाचा आणि दोहोंतील गोलांची बेरीज करून विजेता ठरावयाचा. क्रिकेटच्या दोन डावांची सवय असलेल्या आपल्या लोकांना यातील खुमारी निराळी सांगावयास नको.

पहिली पाच वर्षे हा चषक मँचेस्टर युनायटेडच्या कपाटातून हललाच नाही. १९५३ साली त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनच्या मुलांना पहिल्या सामन्यात ७-१ असे लोळविले. पुढील वर्षी त्याच मुलांनी ४-४ अशी बरोबरी साधून चांगलीच झुंज दिली व दुसऱ्या सामन्यात ती एका गोलाने हरली. त्यानंतर वेस्ट ब्रॉमविच, चेस्टरफील्ड आणि वेस्ट हॅम हे क्रमाने पराभूत झाले. डडली गावचा डंकन एडवर्ड्स यांतील पहिल्या तिन्ही विजयांत होता. १९५५ साली तर तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून स्कॉटलंडविरुद्ध खेळला आणि त्याच हंगामात पुन्हा आपल्या बरोबरीच्या मुलांत येऊन युवक चषकासाठी धावला. कोणास हा प्रतिपक्षावर अन्याय वाटेल. मला तसे वाटत नाही. वय नियमात बसत होते, आणि मोठेपणा मिळाल्यावर सवंगड्यांत परत येणे सर्वांनाच जमत नाही.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावर युनायटेडचा संघ घेऊन निघालेले विमान कोसळले. १९५३ च्या त्या विजयी युवक संघातील कोलमन, पेग आणि व्हीलन हे जागीच गेले. एडवर्ड्स पंधरा दिवस रुग्णालयात झुंजला व २१ फेब्रुवारीस वारला. त्याचे वय एकवीस होते. ज्या घरांतून ही मुले गेली त्या घरांतील चषकांची व पदकांची कल्पना करवत नाही. त्याच हंगामात युनायटेडची युवक मंडळी उपान्त्य फेरीत वुल्व्हरहॅम्प्टनकडून हरली. या स्पर्धेतील त्यांचा तो पहिलाच पराभव.

त्या वर्षीचा अंतिम सामना मला दहांतही सर्वांत विलक्षण वाटतो. पहिल्या सामन्यात चेल्सीने वुल्व्हरहॅम्प्टनवर ५-१ अशी मात केली. चार गोलांची पिछाडी! परंतु स्वतःच्या मैदानावर वुल्व्हरहॅम्प्टनच्या मुलांनी ६-१ असा सामना जिंकून बेरजेत ७-६ असा चषक उचलला. यापूर्वी दोनदा हाच क्लब अंतिम सामन्यात हरला होता, हे ध्यानात घ्यावे.

पुढील चार वर्षांचे थोडक्यात सांगतो. १९५९ साली ब्लॅकबर्न, १९६० व १९६१ साली चेल्सी आणि १९६२ साली न्यूकॅसल विजयी झाले. न्यूकॅसलसमोर हरणारे पुन्हा वुल्व्हरहॅम्प्टनच! दहा वर्षांत चार अंतिम सामने आणि चषक एक. त्याच क्लबाच्या प्रौढ संघाने मात्र १९५४, १९५८ आणि १९५९ साली इंग्लंडचे लीग विजेतेपद मिळविले.

हरलेल्यांची यादी मी मुद्दाम वाचतो. १९५६ साली चेस्टरफील्डच्या गोलमध्ये गॉर्डन बँक्स उभा होता आणि प्रतिपक्षात बॉबी चार्लटन होता. १९५८ साली हरलेल्या चेल्सीत जिमी ग्रीव्हज् होता, १९५९ साली हरलेल्या वेस्ट हॅममध्ये बॉबी मूर. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा मूर कर्णधार होता, बँक्स गोलरक्षक होता, आणि म्युनिकमधून वाचलेला चार्लटन त्यांच्यासोबत होता. अर्थात त्या दहा वर्षांतील बहुसंख्य मुले, जिंकलेली काय किंवा हरलेली काय, पुढे कोणाच्या स्मरणात राहिली नाहीत. तीही तितक्याच उमेदीने धावली होती.

आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत एकदा नापास झालेल्या विद्यार्थ्यास पुन्हा अर्ज करता येत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हे कलम विचारास घ्यावे, अशी कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे. तसा लेखी ठराव मी आज चिटणीसांकडे दिला आहे. त्यास एक अनुमोदक हवा आहे.