झिगझॅगच्या घरातली एकरंगी लेक

इटलीत मिलानच्या वायव्येला सुमिरागो नावाचं लहान गाव आहे. ‘मिसोनी’ या घराण्यानं उभारलेला विणलेल्या कपड्यांचा कारखाना तिथला. त्या घरातल्या रोझिता आणि तिची लेक आंजेला, या दोघींविषयी आज बोलायचं आहे.

रोझिताचं माहेर शालींच्या कारखान्याचं. १९५३मध्ये तिचं ओत्ताव्हिओ मिसोनीशी लग्न झालं. हा १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांची शर्यत धावलेला. खेळाडूंचे लोकरी कपडे विणणं हा त्याचा धंदा. दोघांनी गाल्लारातेला विणकामाची यंत्रं मांडली. सुरुवातीला त्यांवर पट्टेच निघत. मग रोझिताला माहेरचं, शालींचं राशेल यंत्र आठवलं. त्यात मागावरच्या ताण्यासारखे उभे धागे असतात आणि ते डावी-उजवीकडे सरकत एकमेकांत गुंततात. धागा सरकला की रेघ वळते. मिसोनीची झिगझॅग आली ती इथून. आपण मागावरच्या आणि सुयांवरच्या, दोन्ही कामांना विणणंच म्हणतो. राशेलला हा शब्द किती चपखल बसतो!

आंजेला १९५८ची. या रंगांच्या गजबजाटातच वाढली. १९९३मध्ये तिनं स्वतःच्या नावानं पहिलं कलेक्शन केलं, ते मात्र एकरंगी. मला हे फार धीराचं वाटतं. आईची खूण इतकी ठळक, की पाठमोऱ्या बाईच्या अंगावरचा कपडाही ओळखू यावा. ती खूणच काढून टाकली तर उरतं काय? सुताचा पोत, विणीचा घट्ट-सैलपणा, खांद्याची आणि बाहीची बेतणी. रंगांच्या दाटीत यातलं बरंच झाकून जातं. एकरंगी कपड्यात एक टाका चुकला तरी तो दिसतो.

आईनं काय करावं? १९९७मध्ये घराण्याच्या कपड्यांचं डिझाइन लेकीच्या हाती दिलं. आंजेलानं ते २०२१पर्यंत सांभाळलं. झिगझॅग तिनं टाकली नाही. ती हलक्या, अंगासरशा कपड्यांवर आणली. आणि रोझिता? पासष्टी गाठलेली ही बाई घरातल्या कापडांकडे वळली. उशा, चादरी, गालिचे, टॉवेल. लेकीनं कपड्यांत आवरता घेतलेला रंगांचा पसारा आईनं दिवाणखान्यात मांडला. १ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी ती गेली.