ड्रॅगनला पाय किती?

(नभोवाणीवरून केलेले भाषण)

श्रोतेहो, गेल्या आठवड्यात माझा नातू चित्रकलेची वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, ड्रॅगनला पाय किती असतात?" ज्याने जन्मभर शिक्षकी केली त्याला 'ठाऊक नाही' हे दोन शब्द उच्चारणे फार जड जाते. मी गंभीर मुद्रेने "चार" असे सांगून टाकले. चिरंजीव तत्काळ उत्तरले, "पण सिनेमात तर दोनच आहेत!"

प्रश्न वाटला तितका पोरकट नव्हता. इंग्रजी कुलचिन्हांच्या शास्त्रात चार पाय व दोन पंख असलेला तो ड्रॅगन आणि दोनच पायांचा तो वायव्हर्न, असा काटेकोर भेद आहे. वेल्सच्या निशाणावरील तांबडा ड्रॅगन चार पायांचा. उलट २०११ ते २०१९ या काळात ज्या 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेने घरोघरी जागरणे घडविली, तिच्यातले ड्रॅगन दोन पायांचे. तेव्हा आम्ही दोघेही बरोबर ठरलो आणि घरात शांतता नांदली.

सिनेमातल्या ड्रॅगनचा खाक्या आपण जाणताच. देह डोंगराएवढा, श्वास भट्टीचा आणि शय्या सोन्याच्या राशीची. या सोन्याचा त्या बापड्याला उपयोग काय, हे कोणी विचारीत नाही. ना त्याला घर बांधावयाचे, ना मुलीचे लग्न करावयाचे! आग ओकण्याची आणि खजिना राखण्याची खोड मात्र जुनीच आहे; 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यातही ती सापडते. सिनेमाने वाढविला तो त्याचा आकार. सुमारे १४७० साली पाओलो उच्चेल्लो या इटालियन चित्रकाराने काढलेले संत जॉर्जचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातला ड्रॅगन फार तर घोड्याएवढा. संत जॉर्ज त्वेषाने भाला खुपशीत आहेत. आणि जिची सुटका करावयाची ती राजकन्या ड्रॅगनच्या गळ्यातली दोरी हाती धरून, सकाळी कुत्र्याला फिरावयास नेणाऱ्या बाईंप्रमाणे निवांत उभी आहे! ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट गावच्या कारंज्यावर सोळाव्या शतकात घडविलेला ड्रॅगन आहे. त्याचे डोके ज्या कवटीवरून घेतले, ती लुप्त झालेल्या केसाळ गेंड्याची निघाली. म्हणजे चेहराही उसनाच.

येथवर सारी मौज होती. पण दुसऱ्याच दिवशी सकाळच्या वृत्तपत्रात एक व्यंगचित्र आले. वटवाघळासारखे पंख, तोंडातून ज्वाळा आणि पोटावर ठळक अक्षरांत 'चीन'. नातवाने विचारले, "चीनचा ड्रॅगन असाच असतो का?" या वेळी मात्र मी शहाणपणाने पुस्तके काढली.

श्रोतेहो, चीनच्या ड्रॅगनचे नाव 'लुंग'. त्याला बहुधा पंख नसतात. शिंगे हरणाची, खवले माशाचे, देह सापाचा. त्याचा निवास नद्यांत, समुद्रात आणि मेघांत. आणि त्याचे काम आग लावण्याचे नव्हे, पाऊस पाडण्याचे. पाच नख्यांचा लुंग सम्राटाच्या वस्त्रावर मिरवीत असे. अवर्षण पडले की लोक ड्रॅगनराजाच्या देवळात जाऊन साकडे घालीत. आणि इतके करूनही मेघ न वळला, तर काही ठिकाणी त्याची मूर्ती उन्हात आणून ठेवीत, जेणेकरून त्यालाही थोडी झळ लागावी! आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात, तिकडे उन्हात. भक्तांची जात सर्वत्र एकच.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्या पंडितांपुढे संस्कृतातील 'नाग' हा शब्द आला, तेव्हा त्यांनी त्यासाठी 'लुंग' हाच शब्द योजिला. आचार्य नागार्जुनांना चिनी भाषेत 'लुंगशू', म्हणजे ड्रॅगनवृक्ष, म्हणतात. पाऊस पाडणारे आपले नागराज असे हिमालयापलीकडे गेले आणि तिथल्या ड्रॅगनराजांत मिसळून गेले. श्रावणात आपण पाटावर ज्याचे चित्र काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवितो, त्याचा तो सोयराच म्हणावयाचा. आणि तो सोयरा आज आपल्या दारी येतो तो युरोपचे पंख लावून, हॉलीवूडची आग ओकीत. आपणही त्याला ओळखीत नाही.

चीनशी आपले वाद आहेत, आणि ते वाद लहान नाहीत. व्यंगचित्रकाराने टीका अवश्य करावी. तो त्याचा धर्मच आहे. पण शेजाऱ्याशी स्नेह असो वा वैर, त्याचे चित्र निदान त्याचेच असावे. तिसऱ्याच्या राक्षसाला शेजाऱ्याचे नाव देऊन जो त्याच्याकडे पाहतो, त्याला शेजारीही दिसत नाही आणि त्याच्याकडून येणारे खरे संकटही दिसत नाही.

माझ्या नातवाने त्याच संध्याकाळी चित्र पुरे केले. पाय चारच काढले. त्यात आजोबांचा मान राखला की लुंगचा, हे मी विचारले नाही. पंख खोडले होते. तोंडापुढच्या ज्वाळा मात्र खडूने गर्द रंगविलेल्या असल्यामुळे पुसल्या जाईनात. तेव्हा त्याने त्यांवर निळा रंग फासून एक भला मोठा ढग केला आणि खाली पावसाच्या रेघा ओढल्या.