'किती' आणि 'कशी': कार इन्शुरन्समधल्या एका शब्दाचा फरक

आजचा विषय धुळ्याच्या माझ्या आतेभावाकडून आलाय. कारचा इन्शुरन्स रिन्यू करताना त्याला स्क्रीनवर एक नवा पर्याय दिसला: आमचं ॲप टाका, गाडी नीट चालवा, सूट मिळवा. त्याने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एकच ओळ, "भो, टाकू का?" एका ओळीत उत्तर देता आलं नाही, म्हणून हा एपिसोड.

आधी नियम बघू. ६ जुलै २०२२ ला आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या नियामकाने, कंपन्यांना तीन नव्या गोष्टींची परवानगी दिली. पे ॲज यू ड्राइव्ह, म्हणजे गाडी किती फिरते त्यावर प्रीमियम. पे हाऊ यू ड्राइव्ह, म्हणजे गाडी कशी चालवता त्यावर प्रीमियम. तिसरी म्हणजे एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक फ्लोटर पॉलिसी, ती आज बाजूला ठेवू. पहिली दोन नावं ऐकायला सारखीच वाटतात, एजंटसुद्धा कधी कधी एकात एक मिसळतो. पण 'किती' ला एक आकडा पुरतो. ओडोमीटरचा फोटो काढला, पाठवला, झालं. 'कशी' ला मात्र तुमचा प्रवास लागतो.

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतो, जीपीएस असतो. स्पीड एका सेकंदात ताशी दहा-बारा किलोमीटरने उतरला तर ॲप साधारण 'हार्ड ब्रेकिंग' अशी नोंद करतं. वळण जोरात घेतलं, चालवताना फोन हातात धरला, रात्री उशिरा गाडी काढली, असं सगळं जमा होतं आणि त्यातून स्कोअर निघतो. आता स्कोअरसाठी लोकेशन लागतं ते स्पीड मोजायला. पण लोकेशन घेतलं की त्यासोबत तुम्ही कुठून निघालात, कुठे थांबलात, किती वेळ थांबलात, हेही आपोआप येतं. मी डेटाबेसवर काम करतो म्हणून सांगतो, एकदा टेबलमध्ये गेलेला डेटा डिलीट करायला पुढे कोणालाच वेळ नसतो.

आता पैशाचं बघू, कारण सगळा मोह तिथेच आहे. पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचा, त्याचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारला १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात तो ३,४१६ रुपये आहे. तुम्ही कितीही संतासारखी गाडी चालवा, यातला रुपया कमी होत नाही. सूट मिळते ती फक्त दुसऱ्या भागावर, ओन डॅमेजवर. समजा तुमचा ओन डॅमेजचा प्रीमियम ५,००० आहे आणि ॲपमुळे १५ टक्के सूट मिळाली. म्हणजे ७५० रुपये, त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ८८५. वर्षाला. दिवसाला अडीच रुपयेसुद्धा नाही. जाहिरातीत टक्के मोठे दिसतात, पण ते कशाचे टक्के हे विचारायचं.

याच्या शेजारी नो क्लेम बोनस ठेवा. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर २० टक्के, आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकला नाही, तर ॲपपेक्षा जास्त वाचतं. आणि कोणाला काही दाखवावं लागत नाही.

आपल्याकडच्या रस्त्यांवर हा स्कोअर कसा लागेल? आतेभाऊ आठवड्यातून दोनदा धुळे-जळगाव करतो. पारोळा, एरंडोल, पाळधी. ट्रॅक्टर राँग साइडने समोर येतो, शेळ्या मध्येच रस्ता ओलांडतात. तुम्ही कचकन ब्रेक मारता, कोणाचा तरी जीव वाचतो, आणि ॲप नोंद करतं की हा माणूस जोरात ब्रेक मारतो. ब्रेक का मारला, हे त्याला कळत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा आपण जळगाववाले पहाटे चारलाच निघतो. ॲपच्या लेखी ही रात्र. रात्री अपघात जास्त गंभीर होतात हे खरं आहे, पण भर उन्हात दुपारी दोनला टायर फुटण्याचं काय? तरी एक मान्य करतो: पुढच्या ट्रकला चिकटून चालवण्याची सवय असेल, तर हार्ड ब्रेकिंगचा आकडा तुमच्या तोंडावर खरं बोलतो. नव्याने गाडी शिकलेल्यांना त्याचा उपयोग आहे.

अमेरिकेत हे फार पुढे गेलंय. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की जनरल मोटर्सच्या 'स्मार्ट ड्रायव्हर' फीचरमधला डेटा लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या कंपन्यांकडे जात होता आणि तिथून विमा कंपन्यांकडे. बऱ्याच ग्राहकांना प्रीमियम वाढल्यावर हे कळलं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सांगितलं की अचूक लोकेशन काही वेळा दर तीन सेकंदांनी घेतलं जात होतं. मग असा डेटा अशा एजन्सींना देण्यावर पाच वर्षं बंदी आली. तिथे लोकांनी सूट मागितलीसुद्धा नव्हती.

आपल्याकडे २०२३ चा डीपीडीपी कायदा आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कामापुरताच डेटा घ्यावा, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, असं त्यात लिहिलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर 'आय ॲग्री' दाबताना आपणच जपायचं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट घरातली. आपल्याकडे गाडी एक आणि चालवणारे चार. पॉलिसी पप्पांच्या नावावर, ॲपचं लॉगिन पप्पांच्या फोनवर, आणि गाडीत डिव्हाइस बसवलेलं असेल तर ताई मेहरूण तलावावर किती वेळ थांबली हेही त्याच स्क्रीनवर. विमा कंपनीचं नंतर बघू, जळगावात ही बातमी आधी घरात पोचते! ८८५ रुपये पप्पांचे वाचले, पण किंमत ताईने मोजली. तिला कोणी विचारलं होतं का?

म्हणून आतेभावाला मी 'कशी' वाला पर्याय घेऊ नको असं सांगितलं. त्याचं वर्षाचं रनिंग १८ हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे 'किती' वाल्यातही त्याला फायदा नाही. आमच्या काकांची गाडी मात्र बाजार आणि शेत मिळून वर्षाला चार हजार किलोमीटर फिरते. त्यांनी किलोमीटरवाली पॉलिसी जरूर बघावी. फक्त ठरलेले किलोमीटर संपल्यावर काय होतं हे आधी वाचून घ्यायचं: टॉप-अप विकत घेता येतो का, आणि न घेता अपघात झाला तर ओन डॅमेजचा क्लेम मिळतो की कापला जातो. ही अट प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

ज्यांना तरीही ॲप घ्यायचंय त्यांनी कंपनीला ईमेल करा, फोनवरचं तोंडी उत्तर नको. विचारा: स्कोअर खराब आला तर फक्त सूट जाते की पुढच्या वर्षी प्रीमियम वाढतो? क्लेमच्या वेळी हा डेटा माझ्याविरुद्ध वापरणार का? लोकेशन किती दिवस ठेवता, आणि कोणाला देता? पॉलिसी बंद केल्यावर डिलीट करता का?

उत्तर आलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, आपलं नाव-गाव न सांगता चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये फास्टॅगचा डेटा. भेटू.