पोटफुगी : आधी कारण ओळखा



उपाशी गाय कोवळा, ओला लसूणघास भरपूर खाते आणि थोड्याच वेळात फुगते. डावी भकाळी वर येते, रवंथ बंद होते, जनावर ऊठबस करते, धापा टाकते. कोटीपोटातील वायू फेसात अडकल्याने असे होते. मोठ्या जनावरास पाव ते अर्धा लिटर गोडेतेल सावकाश पाजावे, फेस मोडतो. पाजताना जीभ ओढू नये, मान फार उंच करू नये. तेल फुफ्फुसात गेल्यास जनावर दगावते.

मात्र प्रत्येक पोटफुगीला तेल चालत नाही. लाळ गळते, गिळता येत नाही, तर अन्ननलिकेत आंब्याची कोय किंवा बटाटा अडकलेला असू शकतो. तोंडावाटे काहीही पाजू नये. धान्य किंवा शिळा भात जास्त खाल्ला असल्यास पोटात आम्ल वाढते; तेथे तेल निरुपयोगी.

पशुवैद्यकास ताबडतोब बोलवा. ते येईपर्यंत जनावर पुढचे पाय उंचावर घेऊन उभे ठेवा. काय, किती, केव्हा खाल्ले ते नक्की सांगा. अर्धे निदान तेथेच होते. हिरवा चारा थोडा सुकवून, कडब्यात मिसळून घालावा.