एका मोबाईलचे ॲप दुसऱ्या प्रणालीवर : शक्यता, मर्यादा आणि दक्षता

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मेळाव्याला येणारे शेतकरी पूर्वी बियाणे, खते आणि किडींविषयी विचारीत. आता त्यांच्या जोडीला मोबाईलचे प्रश्नही येतात. कोणी म्हणतात, मुलाने पुण्याहून आयफोन पाठविला, पण गावात सर्वांनी घेतलेली एपीके फाईल त्यावर उघडत नाही. कोणाच्या घरी बटणांचा जिओफोन आहे, त्यावर पीक पाहणीचे ॲप येईल का, अशी त्यांची विचारणा असते. अँड्रॉइडचे ॲप संगणकावरही चालते असे ऐकले, ते खरे काय, असेही काहीजण विचारतात. हे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. एका कार्यप्रणालीसाठी तयार केलेले ॲप दुसऱ्या कार्यप्रणालीवर चालविता येते का? उत्तर असे की, काही परिस्थितीत येते. पण चालले म्हणजे त्यावर आपले काम पूर्ण होईलच, असे नाही. ॲप अडले आणि नोंदणीची मुदत निघून गेली, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. म्हणून हा विषय थोडा मुळापासून समजून घेऊ.

ॲप आणि कार्यप्रणाली यांचा संबंध

मोबाईलमधील सर्व भागांचा कारभार पाहणारी मुख्य व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडील बहुतेक स्मार्टफोन गुगलच्या अँड्रॉइडवर चालतात. आयफोनवर ॲपलची आयओएस प्रणाली असते. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये कायओएस नावाची तिसरीच प्रणाली होती.

ॲप सर्व कामे स्वतः करीत नाही. छायाचित्र घ्यावयाचे असेल तर ते कार्यप्रणालीकडे कॅमेरा मागते. शेताचे ठिकाण हवे असेल तर जीपीएस मागते. प्रत्येक प्रणालीची ही मागणी करण्याची भाषा वेगळी असते. अँड्रॉइडसाठी लिहिलेले ॲप अँड्रॉइडच्याच भाषेत मागणी करते आणि आयओएसला ती समजत नाही.

आपल्याला हे कलमावरून चटकन समजेल. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर भरला तर तो जीव धरतो. थॉमसन सीडलेस द्राक्षाची काडी डॉगरीज खुंटावर चांगली वाढते. कारण खुंट आणि डोळा जवळच्या नात्यातले असतात. आंब्याची काडी बोरीच्या खुंटावर बांधली तर सांधा जुळत नाही. ॲपच्या बाबतीतही खालच्या प्रणालीने वरच्या ॲपला हवे ते पुरविले, तरच ते चालते.

परके ॲप चालविण्याच्या पद्धती

१) मधला थर देणे : दुसऱ्या प्रणालीच्या आत अँड्रॉइडचा आवश्यक भाग बसविला जातो आणि तो ॲपच्या मागण्या खालच्या प्रणालीपर्यंत पोहोचवितो. अँड्रॉइडच्या मूळ भागाचा स्रोत खुला असून त्याच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. त्यामुळे लिनक्सवर चालणाऱ्या इतर प्रणालींत हे काम तुलनेने सोपे जाते. सेलफिश प्रणालीच्या फोनमध्ये अशी सोय देण्यात आली. लिनक्स संगणकांसाठी वेड्रॉइड नावाचे साधन उपलब्ध आहे.

२) एम्युलेटर : येथे संगणकाच्या आत संपूर्ण फोनचीच नक्कल उभी केली जाते. ब्लूस्टॅक्स हे त्याचे परिचित उदाहरण होय. ॲप बनविणाऱ्यांसाठी गुगलचाही स्वतःचा एम्युलेटर आहे. ही पद्धत संगणकावर फार भार टाकते. किमान ४ जीबी रॅम लागते आणि ८ जीबी असल्यास काम सुसह्य होते. संगणकातील व्हर्च्युअलायझेशन ही सोय चालू करून घ्यावी, अन्यथा गती फारच कमी मिळते.

३) एकच ॲप दोन्ही प्रणालींसाठी तयार करणे : ही खरी शाश्वत पद्धत होय. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह यांसारख्या साधनांमुळे एकदा लिहिलेल्या ॲपची अँड्रॉइड आणि आयओएस अशी दोन्ही रूपे काढता येतात. हवामान आणि पीक सल्ल्यासाठी २०१९ साली सुरू झालेले मेघदूत ॲप दोन्ही प्रणालींसाठी देण्यात आले. असे ॲप असेल तर कलमाची गरजच उरत नाही.

आयफोनवर एपीके का चालत नाही?

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचे गाठोडे. ते उघडून बसविणारी व्यवस्था आयओएसमध्ये नाही आणि अँड्रॉइडचा थर तिच्यात बसविण्याची मुभाही ॲपल सामान्य वापरकर्त्याला देत नाही. उलट बाजूनेही तीच अडचण आहे. आयफोनची ॲप्स ॲपलच्या बंदिस्त भागांवर अवलंबून असतात, म्हणून ती अँड्रॉइडवर चालविण्याचा व्यवहारात उपयोगी पडेल असा मार्ग नाही. मात्र २०२० पासून ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅक संगणकांवर आयफोनची बरीच ॲप्स चालतात. खुंट आणि डोळा एकाच घरचे असल्याने तेथे सांधा जुळला.

जिओफोनची गोष्ट वेगळी. कायओएसची ॲप्स संकेतस्थळाच्या धर्तीवर बनतात. अँड्रॉइडची एपीके तिच्यावर बसत नाही. २०१८ साली जिओफोनवर व्हॉट्सॲप आले, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र आवृत्ती तयार करावी लागली होती.

मोठ्या कंपन्यांच्या अनुभवावरून काय शिकावे?

परक्या ॲप्सवर भरवसा ठेवण्याचे प्रयोग मोठ्या कंपन्यांनीही केले. ब्लॅकबेरीने २०१३ साली आपली नवी प्रणाली आणली आणि तिच्यात अँड्रॉइडची ॲप्स चालविण्याची सोय ठेवली. पुढे ॲमेझॉनचे ॲप दुकानही दिले. तरीही २०१५ साली कंपनीला स्वतःच अँड्रॉइडचा फोन काढावा लागला आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्या ब्लॅकबेरी प्रणालींच्या सेवा बंद झाल्या.

मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज फोनवर अँड्रॉइड ॲप्स आणण्याचा ॲस्टोरिया हा प्रकल्प जाहीर केला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो सोडून दिला. नंतर विंडोज ११ संगणकांवर अशी सोय दिली, तीही ५ मार्च २०२५ रोजी बंद करण्यात आली.

हुआवेचे उदाहरण विशेष बोलके आहे. २०१९ साली अमेरिकेच्या निर्बंधांमुळे कंपनीच्या नव्या फोनमध्ये गुगलच्या सेवा देता येईनात. फोन अँड्रॉइडचेच होते, पण नकाशा आणि सूचनांसाठी गुगलच्या सेवांवर विसंबलेली अनेक ॲप्स त्यावर नीट चालत नव्हती. म्हणजे सांधा जुळला, पण मुळातून येणारा अन्नरस तुटला. पुढे २०२४ साली आलेल्या हार्मनीओएस नेक्स्ट या प्रणालीत कंपनीने अँड्रॉइड ॲप्सचा आधारच काढून टाकला आणि स्वतःची ॲप्स तयार करून घेण्याचा मार्ग धरला.

यावरून आपण एवढाच बोध घ्यावा की, ही सोय देणारी कंपनी ती केव्हाही काढून घेऊ शकते. म्हणून फवारणीच्या नोंदी, पाण्याच्या पाळ्या, जमाखर्च अशी वर्षानुवर्षे लागणारी माहिती केवळ अशा ठिकाणी साठवू नये. तिची प्रत वहीत किंवा अन्यत्र ठेवावी.

कोणते काम करावे, कोणते टाळावे?

ॲप उघडले म्हणून काम होईल असे समजू नये. आपल्या कामाला फोनचा कोणता भाग लागतो, हे प्रथम पाहावे.

१) वाचण्याची कामे : हवामान अंदाज, बाजारभाव, पीक सल्ला, चित्रफिती. ही कामे एम्युलेटरवर किंवा मधल्या थरावर सहसा अडत नाहीत. शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात संगणकावर ॲप उघडून, मोठ्या पडद्यावर गटातील सर्वांना दाखविता येते. एम्युलेटरचा हा उपयोग खरोखर चांगला आहे.

२) ठिकाण व छायाचित्र लागणारी कामे : ई-पीक पाहणी हे याचे ठळक उदाहरण. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पद्धत सुरू झाली. पिकाची नोंद सातबाऱ्यावर जावी म्हणून शेतकऱ्याने शेतात जाऊन छायाचित्र घ्यावयाचे असते. संगणकावरील एम्युलेटरला शेत दिसत नाही. त्यात ठिकाण हाताने भरता येते, ही गोष्ट खरी. पण घरी बसून तसे करणे म्हणजे खोटी नोंद करणे होय. हमीभावाने खरेदी आणि पीक विमा यांसाठी पीकपेऱ्याची नोंद पाहिली जाते. तेथे तफावत आढळल्यास खरे पीक उभे असूनही शेतकरी अडचणीत येतो. म्हणून हे काम शेतात उभे राहून, खऱ्या फोनवरच करावे.

३) पैसे व ओळख यांची कामे : बँकेचे ॲप, यूपीआय, चेहऱ्यावरून ओळख पटविणे. यूपीआयची नोंदणी करताना फोनमधील सिमवरून संदेश जातो. एम्युलेटरमध्ये सिम नसते. शिवाय अनेक बँकांची ॲप्स, आपण खऱ्या आणि न बदललेल्या फोनवर चालत आहोत का, याची तपासणी करतात आणि शंका आल्यास बंद पडतात. ही बंदी आपल्या रक्षणासाठी असते. ती चुकविण्याच्या युक्त्या कोणी सांगितल्या तरी त्यांचा अवलंब करू नये.

४) उपकरणांशी जोडणी लागणारी कामे : ब्लूटूथवरून चालणारे ओलावा मापक किंवा ठिबक संचाचे नियंत्रक घेताना, त्याचे ॲप आपल्या फोनच्या प्रणालीवर चालते का, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. परक्या प्रणालीवर ही जोडणी बहुधा होत नाही.

फसवणुकीपासून सावधान

ॲप आपल्या फोनवर मिळत नाही, ही अडचण फसविणाऱ्यांना नेमकी ठाऊक असते. ‘आयफोनवर अँड्रॉइड चालवा’ असे सांगणारी संकेतस्थळे आणि शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फायली यांपासून दूर राहावे. बियाणे घेताना आपण लेबल, गट क्रमांक आणि पावती पाहतो. सुट्या पिशवीतले बियाणे घेत नाही. ॲपही तसेच पारखावे.

• ॲप फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे आणि प्रकाशक म्हणून कोणाचे नाव आहे ते वाचावे.
• ओळखीच्या माणसाकडून आली तरी एपीके फाईल उघडू नये. त्याचाही फोन ताब्यात गेलेला असू शकतो.
• हवामानाचे किंवा बाजारभावाचे ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागत असेल तर ती देऊ नये. बँकेचा ओटीपी त्याच मार्गाने चोरला जातो.
• खात्यातून पैसे गेल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेला कळवावे.

ॲप चालतच नसेल तर?

ॲप हे काम करण्याचे एक साधन आहे. तेच काम दुसऱ्या मार्गाने होते का, हे आधी पाहावे. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी चेहरा ओळखणारे ॲप आहे, तसेच संकेतस्थळावर ओटीपीचा आणि सामायिक सुविधा केंद्रात बोटांच्या ठशांचा मार्गही दिलेला आहे. महाडीबीटीवरील अर्ज आणि डिजिटल सातबारा संकेतस्थळावर मिळतात. आयफोन असो वा संगणक, संकेतस्थळ सर्वत्र उघडते. ई-पीक पाहणीत एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते. तेव्हा भावाचा किंवा शेजाऱ्याचा अँड्रॉइड फोन घेऊन त्यासह आपल्या शेतात जावे आणि नोंद करावी. पीक सल्ला हवा असल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो आणि मराठीत उत्तर मिळते.

तसेच नवीन फोन घेताना कंपनी आणि कॅमेरा पाहण्याआधी, आपल्याला लागणाऱ्या चार-पाच ॲप्सची नावे कागदावर लिहावीत आणि ती त्या फोनच्या अधिकृत दुकानात आहेत का, हे तेथेच तपासावे. जमीन पाहून वाण निवडावा, हे आपण जाणतोच. काम पाहून फोन निवडावा, हे त्यातच आले.

ॲप बनविणाऱ्या शासकीय विभागांना आणि आम्हा विद्यापीठातील मंडळींनाही यात एक काम आहे. शेतकऱ्यासाठी ॲप काढताना ते दोन्ही मुख्य प्रणालींवर असावे आणि सोबत संकेतस्थळाचा मार्गही खुला ठेवावा. हातात कोणता फोन आहे, यावरून कोणाही शेतकऱ्याची नोंद राहता कामा नये. आपल्याला अशी अडचण आल्यास ॲपचे नाव, फोनची प्रणाली आणि पडद्यावर आलेला संदेश लिहून सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावा. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर नोंदणी सुरू होताच प्रयत्न करावा, म्हणजे दुसरा मार्ग शोधण्यास सवड मिळते.