अडखळणारे वाचक आणि हजार रुपयांचे मानधन
(एग्मोर येथे शाखेच्या सभेत केलेले भाषण)

आपल्या काही कामगारांची मुले चौथीत जाऊनही ओळ वाचताना अडखळतात. बापाची बदली झाली की शाळा बदलते, भाषाही. घरी मराठी, गल्लीत तमिळ, वर्गात इंग्रजी! अशा पोराला 'ढ' म्हणून मोकळे होणे सोपे. काहींना डिस्लेक्सिया असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा समावेश आहे. म्हणजे शाळेकडे मदत मागणे हा हक्क आहे, याचना नव्हे. एग्मोरातच १८९६ पासून कॉनेमारा वाचनालय उभे आहे, पण वाचता आले तर ना!

आणि शिकवणाऱ्यांचे काय? कोरोनात शाळा बंद पडल्यावर तामिळनाडू सरकारने २०२१ साली 'इल्लम तेडी कल्वी' योजना काढली. संध्याकाळी तास-दीड तास, मुलांच्या वस्तीतच वर्ग. योजना चांगलीच होती. पण शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना, त्यांत बायकाच जास्त, मानधन महिना १००० रुपये, दिवसाला तेहतीस! गँगमनने एवढ्यावर फावडे उचलले असते काय?

म्हणून शाखेपुढे ठराव ठेवतो: इन्स्टिट्यूटची एक खोली रोज संध्याकाळी मुलांच्या वाचनासाठी मिळावी, आणि तिथे शिकवणाऱ्या बाईंना रास्त मोबदला द्यावा. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च शाखा निधीतून करू. अनुमोदन कोण देतो?